फौजेंत कोण गेलें व कां गेलें
(गांवच्या सभेंत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



आपल्या सातारा जिल्ह्यांत अपशिंगे नांवाचें गांव आहे. लोक त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत त्या एका गांवचे ४६ जवान कामास आले. त्यांच्या शौर्याचे पोवाडे गाणारे पुष्कळ आहेत. मला विचारावयाचें आहे तें एवढेंच, कीं तीं माणसें गेलीं कां? जर्मनीच्या कैसरानें कांहीं त्यांचा बांध कोरला नव्हता! शिपायाला महिना ११ रुपये मिळत. कोरडवाहू रानांत चार भावांचें पोट भरेना, सावकाराचा तगादा चुकेना, म्हणजे घरांतला एक जण वर्दी चढवी आणि बसऱ्याच्या बोटींत बसे.

तेथें कूटच्या वेढ्यांत मराठा पलटणी सुमारें पांच महिने अडकल्या. दाणा संपल्यावर घोडे कापण्याची पाळी आली. पुष्कळ हिंदी शिपायांनीं तें मांस बरेच दिवस तोंडीं लावलें नाहीं. २९ एप्रिल १९१६ रोजीं फौज शरण गेली व कैद्यांना वाळवंटांतून पायीं हांकलें. त्यांतले बहुत परत आलेच नाहींत.

आतां महार बांधवांची हकीकत ऐका. कंपनीच्या मुंबई फौजेंत ते आरंभापासून होते. भीमा-कोरेगांवचा खांब त्याची साक्ष देतो. पुढें सरकारनें जातींची वाटणी केली, ह्या लढाऊ, त्या बिनलढाऊ, आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरतीच बंद झाली. ज्याचा बाप हवालदार, त्याचा मुलगा पुन्हा येसकरकीला! गोपाळबुवा वलंगकरांनीं अर्ज लिहिला. १९१० सालीं शिवराम जानबा कांबळे यांनीं थेट विलायतेस अर्ज धाडला. दाद लागली नाहीं. पण १९१७ सालीं माणसें कमी पडूं लागतांच तेच लोक एकाएकीं लढाऊ ठरले, व १११ वी महार पलटण उभी राहिली. लढाई संपली, १९२१ सालीं पलटण मोडली. दुसरें युद्ध पेटल्यावर, १९४१ सालीं, महार रेजिमेंट उभी केली, ती मात्र टिकली. रक्त तेंच होतें. गरज बदलली, तशी यादी बदलली.

पुढारीही भरतीस निघाले होते. १९१८ सालीं गांधीजी खेडा जिल्ह्यांत पायीं हिंडले. थोड्याच महिन्यांपूर्वीं साराबंदीच्या लढ्यांत ज्या पाटीदारांनीं त्यांना गाड्या दिल्या, त्यांनींच आतां गाडी देण्यास कांकूं केली. टिळक मुंबईच्या युद्धपरिषदेंत हक्कांची भाषा बोलूं लागले, तेव्हां गव्हर्नर विलिंग्डनांनीं त्यांना अडविलें व ते उठून गेले. त्यांचा मुद्दा खरा होता. पण माणसें देऊं म्हणणारे आणि द्यावयाचीं माणसें हीं बहुधा एका आळींतलीं नसतात, हेंही शेतकऱ्यानें ध्यानांत ठेवावें.

१९४२ नंतर मात्र सातारा जिल्ह्यांत निराळी भरती झाली. नाना पाटलांच्या प्रतिसरकारांत कुणबी, धनगर, रामोशी अशा घरांतलीं पोरें शिरलीं. कुंडल भागांत तुफान सेना उभी राहिली. तेथें पगार नव्हता, पेन्शन नव्हती. पण न्यायमंडळें गांवांतच तंटे तोडीत, दरोडेखोरांचा बंदोबस्त होई, थोडक्या खर्चांत लग्नें लागत. जें मागितलें, त्याचा मोबदला गांवाला डोळ्यांसमोर दिसत होता. म्हणूनच पोलिसांचा मार खाऊनही लोकांनीं नांवें सांगितलीं नाहींत.

जून २०२२ मध्यें सरकारनें अग्निपथ योजना जाहीर केली. तिच्या वेळचा करार असा: नोकरी चार वर्षें, त्यांतून २५ टक्क्यांपर्यंत कायम, बाकीच्यांना सुमारें ११.७१ लाख रुपये, पेन्शन नाहीं. पोरानें जावें कीं न जावें, हें मी सांगणार नाहीं. तें त्याच्या आईबापांनीं व त्यानें ठरवावें. पण पहांटे सडकेवर धांवणारीं आपलीं पोरें मला रोज दिसतात, आणि पांचवें वर्ष उजाडल्यावर काय, असें विचारलें तर एकालाही उत्तर येत नाहीं. अर्ज भरण्यापूर्वीं नियमांचा कागद घेऊन शाळेंत या; शाळा सुटल्यावर मी ओळ न् ओळ वाचून दाखवीन. आयांनींही यावें.