आधी काम विचारा, मग संगणक घ्या



बारावीचे आणि दहावीचे निकाल लागले, की आपल्या बचत गटांच्या बैठकीत एक मागणी हमखास येते. मुलगी आर्किटेक्चरला लागली, पॉलिटेक्निकला स्थापत्य मिळालं, इंटेरियर डिझाईनला नाव घातलं. तिला संगणक घ्यायचा आहे, गटातून कर्ज हवंय. शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्यानं माफ केलं आहे. ते चांगलंच झालं. पण संगणक त्यात येत नाही. तो कपाशीच्या नाहीतर केळीच्या पैशातून, किंवा गटाच्या पेटीतूनच येतो.

आणि तो घरात लागतोच. नकाशांची कामं रात्री उशिरापर्यंत चालतात. शहरातल्या दुकानात तासावर पैसे भरून बसायचं, तर शेवटची एसटी निघून जाते. मुलगा कसाही घरी येईल, मुलीला आपण थांबू देत नाही. मग तिचं काम अर्धवट राहतं आणि लोक म्हणतात, पोरीला जमलं नाही. म्हणून पैसा योग्य यंत्रात जावा, एवढ्यासाठी आजचं हे बोलणं.

पहिली गोष्ट. दुकानात जाऊन 'चांगला संगणक दाखवा' म्हणायचं नाही. आधी मुलीला विचारायचं, 'तुला कोणतं सॉफ्टवेअर शिकवणार आहेत?' तिला माहीत नसेल तर तिनं कॉलेजात विचारून कागदावर लिहून आणायचं. त्या कागदावरच सगळं ठरतं.

का ठरतं, ते समजायला लग्नाचा स्वयंपाक डोळ्यांसमोर आणा. संगणकातला प्रोसेसर म्हणजे आचारी. रॅम म्हणजे भांडी आणि पराती मांडायचा ओटा. एसएसडी म्हणजे सामान ठेवायचं कोठीघर. आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे पुऱ्या लाटायला बसलेल्या वीस-पंचवीस बाया.

ऑटोकॅडमध्ये घराचा साधा नकाशा काढायचा, म्हणजे भिंती, दारं, खिडक्या, मापं, तर ते बहुतेक आचाऱ्याचं काम आहे. एकामागून एक पायरी. तिथं आठ संथ आचारी कामाचे नाहीत, एक चपळ हवा. पण तेच घर बांधून झाल्यावर कसं दिसेल, ऊन कुठून येईल, फरशी कशी चमकेल, असं फोटोसारखं चित्र करायचं असेल, तर त्याला रेंडरिंग म्हणतात. त्या चित्रात लाखो ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याचा उजेड-रंग मोजावा लागतो. एकेक पुरी सोपी, पण हजार पुऱ्या एकट्या आचाऱ्यानं लाटायच्या म्हटल्या तर पंगत उठून जाईल. तिथं ग्राफिक्स कार्ड लागतं.

आता आपल्या मुलींकडे वळू. आयटीआयचा आरेखक स्थापत्य हा दोन वर्षांचा कोर्स किंवा पॉलिटेक्निकची तीन वर्षांची स्थापत्य पदविका असेल, तर मुख्य काम ऑटोकॅडच्या सपाट नकाशांचं. तिला वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं तरी चालतं. चपळ प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी घ्या. इथं महागड्या कार्डावर कर्ज काढू नका.

आर्किटेक्चर पाच वर्षांचं असतं. त्यात आणि इंटेरियरमध्ये स्केचअप, रेव्हिट, पुढे लुमिऑन किंवा एन्स्केप येतात. तिला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागेल, कार्डाची स्वतःची मेमरी निदान ६ जीबी, जमलं तर ८. रॅम १६ जीबी, आणि पुढे ३२ करता येईल अशी जागा. रेव्हिट फक्त विंडोजवर चालतं, तेव्हा अॅपलचा लॅपटॉप कितीही देखणा असला तरी आधी हे लक्षात घ्या. मात्र घाई नको. बऱ्याच कॉलेजांत पहिल्या वर्षी ड्रॉइंग बोर्डावर हातानंच नकाशे काढायला लावतात. कॉलेजात विचारा. सहा महिने थांबता आलं, तर गटाचा हप्ताही तेवढा उशिरा सुरू होतो.

आता दुकानात. जळगावच्या गोलाणी मार्केटला जा की धुळ्याच्या आग्रा रोडला, आपण बाया सोनं घेताना जशा वागतो तशाच वागायचं. सराफानं 'बावीस कॅरेट' म्हटलं तरी आपण ९१६ चा शिक्का बघतोच ना? इथंही नुसतं 'आय-सेव्हन आहे' ऐकून मान डोलवू नका. दहा वर्षांपूर्वीचा आय-७ आजच्या आय-५ पुढे मागे पडतो. पूर्ण नंबर विचारा. समजा आय-५ १२४५०एच असं लिहिलंय. त्यातले पहिले दोन आकडे, १२, म्हणजे बारावी पिढी. शेवटचं एच हे अक्षर असेल तर लॅपटॉपचा प्रोसेसर जोरकस कामाचा. तिथं यू असेल तर तो बॅटरी वाचवणारा, जड कामात दमणारा. नव्या नावांत आय गळून नुसतं कोअर ५ किंवा अल्ट्रा ५ असंही येतं, तेव्हा कोणत्या वर्षी निघालेला प्रोसेसर आहे ते विचारा.

'ग्राफिक्स आहे' हे वाक्यही असंच. ते प्रत्येक संगणकात थोडंफार असतंच. विचारायचं असं, 'वेगळं कार्ड आहे का आणि त्याची स्वतःची मेमरी किती?'

मग मुलीला सांगा, संगणक चालू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये गेलं की रॅम किती, रॅमच्या दोन जागांपैकी एक रिकामी आहे का, आत एसएसडी आहे की जुनी हार्ड डिस्क, कार्डाची मेमरी किती, सगळं दिसतं. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. तेही विचारून घ्या.

लॅपटॉप की टेबलावरचा? मुलगी घरून ये-जा करणार असेल, तर तेवढ्याच पैशात टेबलावरचा संगणक जास्त ताकदीचा मिळतो, आणि बिघडला तर एकेक भाग बदलता येतो. पण वीज गेली की तो तत्क्षणी बंद पडतो आणि न साठवलेलं काम जातं, म्हणून यूपीएस त्याच हिशेबात धरा. घराचं अर्थिंगही वायरमनकडून तपासून घ्या. वसतिगृहात राहणार असेल तर लॅपटॉपच बरा.

आपल्या खानदेशात आणखी एक गोष्ट, ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. संगणक तापला की स्वतःला वाचवायला आपोआप हळू चालतो. पत्र्याच्या खोलीत दुपारी रेंडरिंग लावलं तर महागडं यंत्रही रडतं. जड काम पहाटे किंवा रात्री लावायचं. लॅपटॉप गोधडीवर ठेवायचा नाही, खालची हवा कोंडते. धूळ वरचेवर साफ करायची.

सॉफ्टवेअरचं काय? 'सगळं फुकट टाकून देतो' म्हणणाऱ्याला नाही म्हणा. चोरीच्या प्रतीबरोबर व्हायरस येतो आणि केलेलं काम जातं. ऑटोकॅड आणि रेव्हिट विद्यार्थ्यांना कॉलेजचा पुरावा दिल्यावर एक वर्षासाठी मोफत मिळतं, शिकत असेपर्यंत दरवर्षी नव्यानं घेता येतं. फक्त त्यावर कमाईची कामं करायची नाहीत. स्केचअपची साधी आवृत्ती ब्राउझरमध्ये मोफत चालते. ब्लेंडर आणि फ्रीकॅड तर सगळ्यांनाच मोफत आहेत.

गटाच्या अध्यक्ष-सचिवांना एक विनंती. कर्जाच्या अर्जाला तीन कागद जोडायला सांगा. कॉलेजात शिकवणार त्या सॉफ्टवेअरची यादी, दोन दुकानांची लेखी कोटेशनं ज्यात प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅम, एसएसडी आणि कार्डाची मेमरी लिहिलेली असेल, आणि वॉरंटीचं काम जळगाव-धुळ्यात होतं की यंत्र पुण्या-मुंबईला पाठवावं लागतं, याचं दुकानदाराचं उत्तर. घेतल्यावर बिल पक्कंच हवं.

आणि कुणी बैठकीत म्हणालंच, 'मुलीला एवढं भारी यंत्र कशाला?', तर भावनेच्या भरात भांडू नका. ती सॉफ्टवेअरची यादी पुढे ठेवा. तिच्या कामाला लागतं तेवढंच आपण मागतोय, हे त्या कागदावर दिसेल. पुढच्या बैठकीला मुलींनाही सोबत आणा आणि कोटेशनं त्यांनाच वाचू द्या.

येते मी. रामराम.