वारा, ऊन आणि पुलगांव



पुलगांव हें नांव आपल्यापैकीं अनेकांनीं मुंबई-नागपूर लोहमार्गावरील एक स्थानक म्हणून ऐकलें असेल. मुंबईकडून येतांना वर्धा नदीचा पूल ओलांडला कीं हें गांव लागतें, आणि त्या पुलावरूनच गांवाला नांव पडलें असें सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें कापसाची गिरणी निघाली. आसपासच्या काळ्या जमिनींतला कापूस आणि आगगाडीनें येणारा कोळसा यांच्या जोरावर ती कित्येक वर्षें चालली. आज ती बंद आहे. आर्वीला जाणारी अरुंद रुळांची गाडीहि इतिहासजमा झाली.

उन्हाळ्यांत या प्रदेशांत पारा 45 अंशांपलीकडे जातो. येवढें ऊन ज्या भूमीवर ओतलें जातें, त्याच भूमीवरचा शेतकरी हरभऱ्याला पाणी देण्यासाठीं पौष महिन्याच्या थंडींत मध्यरात्रीं विजेरी घेऊन विहिरीकडे जात आला आहे. शेतीपंपांची वीज पाळीपाळीनें दिवसा व रात्रीं सोडण्याची पद्धत पडली, हें त्याचें कारण. रानडुकरें आणि साप यांना या पाळीचें वेळापत्रक ठाऊक नसतें! आज ज्या सरकारी धोरणाविषयीं मी बोलणार आहें, त्याची परीक्षा या विहिरीच्या कांठीं घ्यावी, असें मला वाटतें.

केंद्र सरकारनें 14 मे 2018 रोजीं पवन-सौर संमिश्र वीजनिर्मितीचें राष्ट्रीय धोरण जाहीर केलें. त्यांतील मुख्य कल्पना साधी आहे. शंभर मेगावॅटचें सौर केंद्र उभारलें, तर त्याची वीज वाहून नेणारी तारहि शंभर मेगावॅटच्या मापाची घालावी लागते. परंतु सूर्य रात्रीं नसतो, सकाळ-सायंकाळ मंद असतो, पावसाळ्यांत झांकलेला असतो. परिणामीं वर्षाची सरासरी काढली, तर ती तार आपल्या शक्तीच्या जेमतेम पंचमांश काम करते. उरलेला काळ ती रिकामी लोंबकळते. त्याच तारेला पवनचक्क्या जोडल्या, तर सायंकाळचा, रात्रीचा आणि आषाढ-श्रावणाचा वारा ती पोकळी कांहीं अंशीं भरून काढतो. जमीन तीच, तार तीच आणि वीज अधिक. एका साधनाची क्षमता दुसऱ्याच्या निदान 25 टक्के असली, तरच त्या केंद्राला संमिश्र म्हणावें, असा धोरणाचा दंडक आहे. म्हणजे शंभर मेगावॅट सौर केंद्राशेजारीं नुसती शोभेची एक चक्की उभी करून भागत नाहीं. ऑगस्ट 2018 मधील दुरुस्तीनें वीज सांठविण्याच्या कोणत्याहि साधनाला यांत वाव मिळाला. आधीं केवळ बॅटरीचाच उल्लेख होता.

हें कागदावरच राहिलें असें नाहीं. कर्नाटकांत रायचूर जिल्ह्यांतील कविताळ येथें 50 मेगावॅटच्या पवनचक्क्या होत्या. त्यांना 2018 सालीं 28.8 मेगावॅटच्या सौर पट्ट्यांची जोड देण्यांत आली. पुढें 2022 सालीं राजस्थानांत जैसलमेर येथें 390 मेगावॅटचें संमिश्र केंद्र सुरू झालें.

मग पुलगांवींहि तसेंच कां करूं नये, असा प्रश्न कोणीहि विचारील. येथें निसर्ग आडवा येतो. वाऱ्यांतील शक्ति त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. सेकंदाला पांच मीटर वेगाच्या वाऱ्यापेक्षां सात मीटर वेगाच्या वाऱ्यांत पावणेतीन पट शक्ति असते. महाराष्ट्रांतील पवनचक्क्या साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर आणि धुळे जिल्ह्यांत साक्रीकडे कां दाटल्या, हें यावरून उमगतें. वर्ध्याच्या सखल मैदानांत तसा वारा नाहीं. सवलतींच्या मोहानें येथें चक्क्या उभ्या केल्या, तर त्या वर्षाचे बहुतेक दिवस ध्यानस्थ बसतील. ऊन मात्र विपुल आहे. त्यांतहि एक गंमत आहे: सौर पट्टीला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. ती 25 अंशांपलीकडे जितकी तापेल, तितकी दर अंशाला सुमारें 0.4 टक्के वीज कमी देते. वैशाखापेक्षां थंडीतल्या निरभ्र दिवसाचें ऊन तिला अधिक मानवतें; आणि हरभऱ्याला व गव्हाला पाणी हवें असतें, तें नेमकें त्याच दिवसांत.

आतां विहिरीच्या कांठावरचा हिशेब पाहा. रब्बीच्या हंगामांत वारा मंदावलेला असतो आणि ऊन स्वच्छ असतें. ज्या पावसाळ्यांत वारा भरात येतो, त्या वेळीं शेताला बहुधा पंपाची गरजच नसते. तेव्हां पुलगांवच्या शेतकऱ्याला वाऱ्याची जोड फारशी नकोच. त्याला दिवसाचें साधें ऊन पुरे आहे. संमिश्र विजेची खरी गरज सायंकाळीं सात वाजतां दिवे, पंखे व स्वयंपाकघरांतील यंत्रें एकदम सुरू करणाऱ्या आपल्यासारख्या शहरी कुटुंबांना आहे, आणि रात्रपाळीच्या कारखान्यांना आहे. हें आपण मोकळेपणानें कबूल करावें.

त्या गरजेसाठीं वारा आणि ऊन एकाच शिवारांत असण्याचीहि आवश्यकता नाहीं. नंतरच्या निविदांत दोन्ही केंद्रें भिन्न ठिकाणीं ठेवण्याची मुभा देण्यांत आली. सह्याद्रीचा वारा आणि विदर्भाचें ऊन यांची गांठ तारांच्या जाळ्यांत पडूं शकते, आणि वर्धा जिल्ह्यांत तर 765 किलोव्होल्टचें उपकेंद्र उभें आहे. अर्थात् दोन ठिकाणीं दोन तारा घालाव्या लागल्या, कीं एका तारेच्या काटकसरीचा मूळ लाभ बराचसा नाहींसा होतो. ही तडजोड आहे. तिला फुकटचा लाभ समजूं नये.

वर्ध्याच्या मगनवाडींत राहून जे. सी. कुमारप्पा यांनीं सांठ्यावर जगणारें अर्थकारण आणि प्रवाहावर जगणारें अर्थकारण असा भेद मांडला होता. याच नदीच्या खोऱ्यांत खालच्या अंगाला कोळशाचा सांठा आहे आणि चंद्रपूरचें 2,920 मेगावॅटचें औष्णिक केंद्र त्यावर चालतें. ऊन आणि वारा हे प्रवाह होत. मात्र प्रवाह अडवून वांटावयाचा, तर कोणाच्या तरी जमिनीवर बांध घालावा लागतो. एका मेगावॅट सौर केंद्राला चारेक एकर जागा लागते. राज्य सरकारच्या 2023 सालच्या मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना 2.0 मध्यें अशा जागेस हेक्टरीं वर्षाला निदान 1,25,000 रुपये भाडें आणि दरसाल 3 टक्के वाढ ठरविण्यांत आली. पडीक माळ असेल, तर हा सौदा वाईट नाहीं. कापसाची काळी जमीन असेल, तर मालकाला भाडें मिळेल. परंतु तिच्यावर वेंचणीला येणाऱ्या बायकांना काय मिळेल, याचा उल्लेख करारांत नसतो. गिरणी बंद पडली, तेव्हां असाच एक कामकरी वर्ग करारांबाहेर राहिला होता. पुलगांवच्या शिवारांत जागा मोजावयास माणसें येतील, तेव्हां उपकेंद्राचें अंतर विचारण्यापूर्वीं त्यांनीं जमिनीचा रंग पाहावा, आणि त्या जमिनीवर कोणाची मजुरी चालते, याची चौकशी करावी.