चॉकलेटच्या वासाचा धनी कोण?



लवंगेचा वास म्हणजे मुख्यतः युजेनॉल, व्हॅनिलाचा म्हणजे व्हॅनिलिन. एका रेणूवर बोट ठेवता येतं. चॉकलेटच्या वासाचा असा एक धनी शोधायला गेलं, की पंचाईत होते. तो सापडतच नाही.

म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात पीटर शीबर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा शोध नेटानं घेतला. पद्धत ऐकायला गमतीची आहे. कोकोतून वेगळे काढलेले गंधद्रव्यांचे अंश एका लांबलचक, अगदी बारीक नळीतून सोडायचे. वाटेत ते एकमेकांपासून सुटे होतात आणि एकेक करून बाहेर पडतात. टोकाशी यंत्र असतंच, पण शेजारी नाक लावून एक माणूसही बसलेला असतो. तो सांगत जातो : मध. माती. उकडलेला कोबी. बटाट्याचे वेफर्स. घाम. होय, घामसुद्धा! ‘चॉकलेट’ ही नोंद मात्र येत नाही. कोकोत असे उडून जाणारे पदार्थ सुमारे ६००. त्यांतले पंचवीसेक योग्य प्रमाणात एकत्र केले, की हुंगणारा लगेच चॉकलेटचं नाव घेतो.

ही मंडळी जमतात कुठे? आपण कारखान्याकडे बोट दाखवतो. मला ते अर्धंच खरं वाटतं. घानातला शेतकरी कोकोची फळं फोडतो. आत सीताफळासारखा पांढरा, आंबटगोड गर आणि त्यात बिया. गरासकट बियांचा ढीग केळीच्या पानांवर घालायचा, वरूनही पानं झाकायची आणि पाच-सहा दिवस आंबू द्यायचं, मधूनमधून ढीग उलटायचा. आधी यीस्ट गरातल्या साखरेचं अल्कोहोल करतं, मग जिवाणू त्याचं व्हिनेगर करतात. ढीग ४५ ते ५० अंशांपर्यंत तापतो. हात खुपसला तर पटकन मागे घ्यावा लागेल. या उष्णतेनं आणि आम्लानं बी मरते. मेल्यावरच तिच्या आत खरी धांदल उडते. पेशींच्या भिंती फुटतात, विकरं साठवणीतल्या प्रथिनांचे तुकडे पाडतात, साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. मग उन्हात वाळवण. एवढं होऊनही बी चावलीत तर तोंड वाकडंच होईल.

पुढे भट्टी. १२० ते १५० अंशांना अमिनो आम्लं आणि साखर यांची गाठ पडते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये वर्णिलेली ही अभिक्रिया आपल्या तव्यावर रोज होते. भाजलेल्या शेंगदाण्यांना आपण खमंग म्हणतो, ते तिच्याच जिवावर. त्यात ल्यूसिन या एका अमिनो आम्लाची करामत पाहा. ढिगात आंबताना त्यातून घामट वासाचं आम्ल निघतं, आणि भट्टीत त्याच ल्यूसिनपासून माल्टचा, चॉकलेटच्या अगदी जवळ जाणारा वास.

उरलेला व्हिनेगरचा दर्प कारखान्यात तासन्‌तास घुसळून उडवतात. घुसळण्याचं ते यंत्र रोडॉल्फ लिंट यांनी १८७९ मध्ये बर्नला बनवलं. नाव त्यांचं झालं, आणि ते योग्यच. पण न आंबवलेली बी घ्या, हवी तशी भाजा, हवी तितकी घुसळा, तिला चॉकलेटचा वास येत नाही.