फुटाला एक सूत



मी सातवी शिकलेली, चुकले तर सांभाळून घ्या. थोरला बोटीवर नोकरीस लागला आणि त्याचे अर्धवट लाकडी जहाज कॉटखाली पडून राहिले. ते मी पुरे करायला घेतले. जहाज म्हणजे 'त्रिंकोमाली'. आपल्या मुंबईच्या गोदीत जमशेटजी वाडियांनी सागवानात बांधून १८१७ साली पाण्यात लोटले. आज ते इंग्लंडात हार्टलपूलला आहे. माप फुटाला एक सूत. म्हणजे दीडशे फुटांचे जहाज पावणेएकोणीस इंचांत बसते, अन् खलाशी बोटाच्या पेराएवढाही नाही!

डोलकाठ्या मी एका चित्रावरून अंदाजाने बसविल्या. मग आराखडा मिळाला. पाहते तो मधली काठी दोन इंच जास्त! तीन महिने बांधलेले दोर सोडले. रडूच आले हो. पुढे वाचनात आले, याच जहाजाचे आराखडे इंग्लंडहून येताना १८१२ साली 'जावा' जहाजाबरोबर लढाईत गेले आणि दुसरी प्रत पाठवावी लागली. तेव्हा जरा बरे वाटले.

मुलगा मे महिन्यात येतो आहे. दोर पुन्हा बांधते आहे. शिवणाचा दोरा फार जाड दिसतो. कोणाकडे बारीक काळा दोरा असल्यास द्यावा.