किल्ली न चोरता उघडलेले कुलूप
(तामलवाडी, ता. तुळजापूर येथील व्याख्यानाचा संपादित सारांश)



तामलवाडीहून सोलापूर जवळच. तेथील जेकार्ड चादर आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. माग तोच असतो. भोके पाडलेल्या कार्डांची माळ बदलली, की नक्षी बदलते. आज अशाच एका संगणकीय चिपचा विचार करावयाचा आहे. तिचे नाव एफपीजीए. इतर बहुतेक चिपची रचना कारखान्यातच कायमची ठरते. ही मात्र विकत घेतल्यानंतरही हवी तशी रचता येते. अमेरिकेतील झायलिंक्स कंपनीने १९८५ साली ती बाजारात आणली. पुणे जिल्ह्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनांचे संकेत हाताळण्यासही अशा चिप वापरल्या जातात.

हिची 'कार्डे' म्हणजे शून्य-एकांची संचिका. वीज गेली की बहुतेक एफपीजीए आपली रचना विसरतात. ती बाहेरील स्मृतीतून पुन्हा भरावी लागते. धोका नेमका याच वाटेवर आहे. संचिकेची नक्कल झाली, तर अभियंत्यांची मेहनत चोरीस जाते. तीत गुपचूप बदल झाला, तर यंत्र आपले राहत नाही. म्हणून संचिका कूटबद्ध करतात आणि किल्ली चिपमध्ये ठेवतात.

एवढ्याने भागले काय? एप्रिल २०२० मध्ये जर्मनीतील बोखुम येथील संशोधकांनी 'स्टारब्लीड' ही उणीव जाहीर केली. झायलिंक्सच्या सातव्या मालिकेतील चिपला किंचित फेरफार केलेली कूटबद्ध संचिका दिली, की चिप स्वतःच्याच किल्लीने ती उलगडून मजकूर बाहेर देई. किल्ली चोरण्याची गरजच उरली नाही! कुलूप सिलिकॉनमध्येच घडविलेले; सॉफ्टवेअरने दुरुस्त होणार कसे? चिप बदलणे हाच पूर्ण उपाय होता.

यावर कोणी म्हणेल, चिप स्वदेशी करा, म्हणजे चिंता मिटली. स्वदेशी हवेच, पण ही उणीव कोणी हेतूपूर्वक ठेवलेली नव्हती, ती रचनेतील चूक होती. तशी चूक आपल्याही हातून होऊ शकते. संचिका उलगडण्यापूर्वीच तिचा खरेपणा तपासणे, रचना भरण्याचे द्वार परक्याला बंद ठेवणे आणि कुलूप वापरण्याआधी ते फोडून पाहणारी आपली माणसे तयार करणे, ही त्रिविध दक्षता आवश्यक आहे.

आपल्या घरांतून अभियंते घडत आहेत. त्यांतील काहींनी तरी हे परीक्षकाचे, प्रसिद्धीविना राहणारे काम पत्करावे. आपल्याच वस्तूतील दोष शत्रूच्या आधी शोधणे, ही देशसेवाच आहे.