इफ्तारचं ताट ईदनंतर कुठं जातं?



तुमच्यापैकी बरेच जण अजून आईबाप झालेले नाहीत. पण घरात धाकटी भावंडं, भाचे-पुतणे आहेत. ती अम्मीचं ऐकत नसली तरी तुमचं बघून करतात, म्हणून तुमच्याशी बोलतेय.

रमजानमध्ये हीच पोरं असरनंतर ताटाभोवती घुटमळतात. कुणी केळी सोलतं, कुणी पेरूवर चाट मसाला भुरभुरतं, कलिंगडाच्या मोठ्या फोडीवरून भांडणंही होतात! ईद झाली की ती पुन्हा पाच रुपयांच्या पाकिटाकडे वळतात. फळ तेच असतं, पण मिळून कापणं, वाटणं, वाट बघणं संपलेलं असतं.

गाजराचे ससे कोरत बसू नका, तेवढा वेळ कुणाला आहे? पोराला बाजारात न्या, एक भाजी त्यालाच निवडू द्या. मटार सोलायला बसवा. निम्मे तोंडात जातील, जाऊ द्या. नवी भाजी थुंकली तरी पुन्हा ठेवा, कधीकधी आठ-दहा वेळा चाखल्यावरच आवडते. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ हा सौदा मात्र नको. त्यानं भाजी ही शिक्षा वाटते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. डाळ-पालकावर लिंबू पिळायचं काम मुलांना द्या. क जीवनसत्त्वामुळे त्यातलं लोह अंगी लागतं.

आज मगरिबनंतर घरी दोन पेरू कापा. वाटायला सगळ्यांत धाकट्याला सांगा.