निनावी चित्राचें मोल
(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत झालेलें भाषण)



महोत्सवाचें वर्ष आलें कीं देवळाची झाडलोट होते, भिंतींना नवा रंग लागतो आणि कपाटांमागें पडलेल्या वस्तू उजेडांत येतात. आपल्या वस्त्रगृहांतलें पवित्र मारियेचें काळवंडलेलें तैलचित्र असेंच यंदा सर्वांच्या नजरेस आलें. त्यावर चित्रकाराची सही नाहीं कीं साल नाहीं. कोणी म्हणालें, तें धुऊन त्यावर नवा रंग चढवावा. कोणी म्हणालें, तें विकून छपराचें काम उरकावें. आणि कोणी म्हणालें, तें फिरंगी अमदानींतलें असून त्याची किंमत लाखांत आहे. हीं तिन्ही मतें चित्राकडे नीट पाहण्यापूर्वींच बनलीं होतीं. म्हणून निनावी चित्राचें मोल कसें ठरवितात, याचा आज आपण शांतपणें विचार करूं.

१७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या फौजेनें वसई घेतली, त्यानंतर येथील देवळांच्या घंटा देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरांतील आणि वाईजवळच्या मेणवलीची घंटा त्यांपैकींच होत, असें परंपरेनें मानतात. पहिलीवर १७२१ आणि दुसरीवर १७०७ हें साल आहे. घंटा आपलें वय स्वतः सांगते, कारण तें धातूंतच ओतलेलें असतें. चित्राला मात्र बोलतें करावें लागतें. पूर्वीं देवळांसाठीं चित्रें काढणारे पुष्कळ कारागीर सही करीतच नसत. तेव्हां सही नसणें हा कांहीं कमीपणा नव्हे. उलट सही आहे म्हणून ती खरीच, असेंहि नव्हे.

पहिला प्रश्न असा कीं, चित्र हातानें काढलेलें आहे कीं छापलेलें? राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत छापखाना काढला, आणि तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापील तसबिरी घरोघरीं गेल्या. येशूच्या परमपवित्र हृदयाच्या अशाच तसबिरी युरोपांतून आपल्या घरीं आल्या. कांहींवर कापडाची वीण आणि कुंचल्याचे उंचवटेहि दाबून उठविलेले असतात. म्हणून नुसत्या बोटांवर विश्वासूं नये. चांगलें भिंग घेऊन पाहिलें तर छापील चित्रांत रंगाचे बारीक ठिपके दिसतात. हातच्या चित्रांत कुंचल्याची ओढ दिसते.

दुसरी गोष्ट, चित्र उलटें करून पाहावें. समोरची बाजू भाविकासाठीं असते, पाठची बाजू संशोधकासाठीं. कापडाची वीण, चौकटीचें लाकूड, खिळ्यांची घडण, चौकटवाल्याची चिठी, कोणीं लिहिलेला अंक, यांतलें कांहींहि पुसूं नये. रंगहि साक्ष देतात. प्रशियन निळा हा रंग अठराव्या शतकाच्या आरंभीं बर्लिन येथें सांपडला, आणि टायटॅनियमचा पांढरा रंग १९२० च्या सुमारास बाजारांत आला. हा पांढरा रंग मूळ थरांत निघाला, तर तें चित्र फिरंगी अमदानींतलें असूं शकत नाहीं. मात्र तो केवळ वरच्या डागडुजींत असेल, तर त्यावरून मूळ चित्राचें वय ठरत नाहीं. हा भेद प्रयोगशाळेंतच कळतो.

तिसरी साक्ष कागदांची. डब्लिन शहरांत येशूसंघीयांच्या मठांतील भोजनगृहांत ख्रिस्तास धरून नेतानाचें एक चित्र टांगलेलें होतें. एका स्त्री-डॉक्टरनें तें १९३० नंतरच्या दशकांत त्यांस दिलें होतें, आणि तें हॉन्टहॉर्स्ट नांवाच्या डच चित्रकाराचें समजलें जाई. १९९० सालीं आयर्लंडच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयाचे सेर्जिओ बेनेदेत्ती यांनीं तें पाहिलें, आणि तें काराव्हाज्जोचें असावें असें त्यांस वाटलें. परंतु नुसत्या वाटण्यावर कोणी थांबलें नाहीं. चित्राची सफाई व तपासणी झाली. रोमच्या मात्तेई घराण्याच्या जुन्या हिशेबवह्यांत चित्रकारास दिलेल्या पैशांची नोंदहि मिळाली. मगच १९९३ सालीं तें लोकांपुढें मांडलें. येशूसंघीयांनीं तें विकलें नाहीं. मालकी आपल्याकडे ठेवून तें सर्वांस पाहतां यावें म्हणून संग्रहालयास दिलें.

याच्या उलट बाजूचें उदाहरण आपल्या शेजारीं गोव्यांत आहे. १५४७ सालीं दों जुआंव द कास्त्रो यांनीं आजवरच्या राज्यपालांचीं चित्रें काढविलीं. गास्पार कोरैया यांनीं त्या कामावर देखरेख केली आणि कुंचला एका स्थानिक चित्रकाराच्या हातीं होता, असें कोरैयांनींच लिहून ठेविलें. पण त्या चित्रकाराचें नांव त्यांनीं दिलें नाहीं. पुढें दमट हवेनें चित्रें बिघडलीं आणि वेळोवेळीं त्यांवर नवे रंग चढविले गेले. लिस्बनला नेलेल्या कांहीं चित्रांवर क्ष-किरण टाकले, तेव्हां वरच्या रंगाखालीं जुनें चित्र दिसलें. बाकीचीं बरींच चित्रें जुन्या गोव्यांत पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयांत आहेत. आपल्याच भूमींतल्या त्या अनाम कारागिराचा हात चांगल्या हेतूनें केलेल्या रंगकामाखालीं झांकला गेला. महोत्सवाच्या उत्साहांत हें आपण विसरूं नये.

म्हणूनच १९८३ च्या धर्मसंहितेचें ११८९ वें कलम सांगतें कीं, प्राचीनत्व, कला अथवा भक्ति यांमुळें मौल्यवान ठरलेल्या प्रतिमांची दुरुस्ती बिशपांच्या लेखी परवानगीवांचून करूं नये, आणि बिशपांनीं ती देण्यापूर्वीं तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. कला किंवा इतिहास यांमुळें मौल्यवान अशी वस्तु विकावयाची, तर १२९२ व्या कलमान्वयें पवित्र पीठाची अनुमति लागते. देशाचा कायदाहि आहे: १९७२ च्या अधिनियमाप्रमाणें १०० वर्षें वा त्याहून जुनें चित्र पुरावस्तु ठरतें, कोणा खाजगी माणसास तें देशाबाहेर नेतां येत नाहीं आणि परवान्यावांचून त्याचा व्यापार करतां येत नाहीं.

आतां मोलाविषयीं. बाजारांतील किंमत कर्त्याचें नांव, चित्राची स्थिति आणि घेणाराची हौस यांवर ठरते. बहुतेक निनावी चित्रांस ती मोठी मिळत नाहीं. आपल्या चित्रासहि कदाचित् मिळणार नाहीं. पण ज्या चित्रापुढें पिढ्यान्पिढ्या वसईच्या मातांनीं आजारी लेंकरांसाठीं जपमाळ म्हटली, त्याचें मोल लिलावांत कसें निघावें? तें निघत नाहीं, म्हणून तें नाहीं असें होत नाहीं. छपरासाठीं पैसे आपण वर्गणीनें उभे करूं शकूं. हें चित्र एकदां गेलें तर वर्गणीनें परत येणार नाहीं.

माझी सूचना एवढीच कीं, चित्र कोणीं पुसूं नये, त्यास तेल लावूं नये. तें ओल व ऊन यांपासून दूर ठेवावें. पुढून व मागून छायाचित्रें घ्यावीं, मोजमाप नोंदवावें, देवळाच्या जुन्या वह्या चाळाव्यात. मग बिशपांच्या अनुमतीनें मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या जतन-केंद्रासारख्या ठिकाणीं जाणत्यांस तें दाखवावें.

आणि आपल्या घरांविषयीं एक विनंति. वाडीवाडींतून जुनीं घरें पडून इमारती उठत आहेत आणि घरच्या वेदीवरील तसबिरी भंगारांत जात आहेत. घर पाडण्यापूर्वीं घरांतल्या वडिलधाऱ्यांस विचारा: ही तसबीर कोणीं आणली, कोठून, कोणत्या नवसासाठीं? जें उत्तर मिळेल तें कागदावर लिहून तसबिरीबरोबर ठेवा. चित्रकाराचें नांव हरवलें आहे. निदान तिच्यापुढें गुडघे टेकणारांचीं नांवें तरी हरवूं देऊं नका.